रिठीवर डिटेक्टर फिरवण्याआधी घर वाचा: नागपूर परिसरातल्या नवशिक्यांसाठी

विदर्भातल्या महसुली यादीत काही मौजांच्या नावापुढे 'रिठी' असा शब्द लागलेला दिसतो. रिठी म्हणजे मौजा आहे, नकाशा आहे, वावरं वाहितीत आहेत, पण वस्ती उठून गेलेली. कुठे दुष्काळाने, कुठे रोगराईने, कुठे विहिरीचं पाणी आटलं म्हणून, कुठे वाहतुकीचा रस्ता दुसरीकडून गेला म्हणून. याशिवाय नांदत्या गावांच्या कडेलाही पडके वाडे, मालगुजारी गेल्यावर ओस पडलेल्या कोठ्या आणि वावरातली सोडून दिलेली घरं आहेतच. अशा जागेवर मेटल डिटेक्टर फिरवला तर हाताने घडवलेले खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, बैलांची घुंगरं, अडकित्त्याचं पातं, तांब्याचा पैसा अशा वस्तू निघतात. एका घराचा संसार त्यातून कळतो. सोन्याचा हंडा डोळ्यांपुढे ठेवून जाणार असाल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

आधी, कुठे जायचं नाही

जंगलातल्या ओसाड जागा सगळ्यात जास्त खुणावतात आणि नेमक्या त्याच बहुतेक वेळा बंद असतात. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही संरक्षित क्षेत्रं तर सोडाच, राखीव जंगलातही विनापरवाना शिरणं आणि जमीन खणणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. आपल्याकडचा खास सापळा म्हणजे झुडपी जंगल. बाहेरून ती साधी पडीक जमीन वाटते, गुरं चरत असतात, कोणी हटकतही नाही. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच धरायच्या असं स्पष्ट केलं आहे. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल', 'वन' किंवा 'शासन' दिसलं की तो खसरा यादीतून काढून टाका.

दुसरी बंद जागा म्हणजे पुरातत्त्वीय स्थळं, आणि नागपूर जिल्ह्यात ती पावलोपावली आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथली लोहयुगीन शिळावर्तुळं, नैकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी, कुही तालुक्यातलं अडम, रामटेकजवळचं मनसर आणि नगरधन ही माहितीतली नावं झाली. नोंद न झालेली वर्तुळंही माळांवर आहेत. अर्धवट पुरलेले मोठे दगड गोलाकार मांडलेले दिसले आणि मध्ये मुरूम-गोट्यांचा भराव असला, तर ते दफनस्थळ आहे. त्याच्या पोटात लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याच्या लगामाच्या कड्या असतात, त्यामुळे मशीन तिथे हमखास वाजतं. तिथे एक खुरपंही टेकवायचं नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. कामठी छावणीसारखी लष्करी जमीन, रेल्वेची जमीन, देवस्थानं, कब्रस्तान आणि स्मशानभूमीही वर्ज्यच.

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्या गावांबद्दल वेगळं सांगायला हवं. ती जमीन प्रकल्पाची आहे, तेव्हा परवानगी मिळण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय त्या घरांची माणसं आजही पुनर्वसित गावठाणात राहतात. त्यांच्या उंबरठ्यावर मशीन फिरवणं हे कुणाच्या तरी जखमेवर बोट ठेवणं आहे.

मग उरते ती खाजगी मालकीची जमीन. नवशिक्याने तेवढ्यावरच काम करावं, आणि तेवढी पुष्कळ आहे.

जागा कशी सापडते

भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गावनकाशा आणि अधिकार अभिलेख पंजी यांत आबादीची जागा दाखवलेली असते. तो खसरा आजच्या गट नंबराशी जुळवून घ्या आणि सातबारा ऑनलाइन काढा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर उजाड गावं, विहिरी आणि पांधणी दिसतात. दोन जुन्या पांधणी जिथे एकमेकींना छेदतात आणि जवळ विहिरीची खूण आहे, तिथे पहिली फेरी मारा.

जागेवर पोचल्यावर जमिनीचा रंग बघा. गावाच्या जागेला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात ते उगाच नाही. मातीच्या भिंती वर्षानुवर्षं विरघळून, त्यात चुलीची राख मिसळून जमीन खरंच पांढुरकी होते. काळ्या वावरात असा फिकट पट्टा, त्यात खापरं, कवेलूचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि जात्याची फुटकी तळी दिसली की वस्ती तिथेच होती. एकाच ठिकाणी चिंच, कडुलिंब, बेल आणि सीताफळाची गर्दी, किंवा घायपाताची सरळ रांग ही कुंपणाची आणि परसाची खूण.

पण पांढरीचा ढिगारा माणसाहून उंच असेल आणि त्यातून आतून काळी, बाहेरून तांबडी अशी खापरं निघत असतील, तर ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची वस्ती असू शकते. तिथून परत फिरा. नागपुरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, विद्यापीठात प्राचीन इतिहास व पुरातत्त्व विभाग आहे. त्यांना फोटो आणि ठिकाण कळवा.

परवानगी आणि गाव

तोंडी 'हो' पुरत नाही. साध्या कागदावर पण लेखी घ्या: मालकाचं नाव, गट नंबर, तारखा, किती खोल खणणार, खड्डे बुजवण्याची हमी आणि मिळालेल्या वस्तूंची वाटणी. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या हव्यात. जमीन बटईने दिली असेल तर वाहणाऱ्यालाही विचारा, पीक त्याचं असतं.

वाटणी लिहून ठेवण्याला कायद्याचं कारण आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. दहा रुपयांची मर्यादा आजही तीच आहे, म्हणजे चांदीचा एक रुपयाही तिच्या वर जातो. निधी बेवारस ठरला, शासनाने तो घेतला नाही आणि आपसात करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष अधिनियम, १९७२ खाली येते. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.

आता गावाचं. आपल्याकडे रानात खणणारा माणूस दिसला की पहिला संशय गुप्तधनाचा. त्या नावाखाली विदर्भात अघोरी प्रकार झाले आहेत, त्यामुळे लोकांचा संशय अगदी रास्त आहे आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. म्हणून आदल्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटील या दोघांना भेटून कागद दाखवा. काम उजेडात करा, सूर्य मावळायच्या तासभर आधी आवरा. अमावस्या-पौर्णिमेला जाऊ नका. तुम्ही मानत नसाल, पण गाव मानतं, आणि तुम्ही गावाच्या भरवशावर तिथे उभे आहात. लिंबू सोबत नेऊ नका, पाण्यात पिळायलासुद्धा नाही.

मशीन आणि सामान

पहिलं मशीन व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या) पद्धतीचं घ्या, १० ते १५ किलोहर्ट्झच्या दरम्यान चालणारं किंवा एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं. पल्स इंडक्शन मशीन खोल जातं, पण लोखंड आणि तांबं वेगळं ओळखण्यात फार कच्चं असतं. पडक्या घराच्या जागी दर वितीवर खिळा असतो, तिथे ते काही कामाचं नाही. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, 'डबल डी' (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेली) हवी. सोबत आलेली ११ इंची कॉइल मोकळ्या अंगणासाठी ठीक, पण खिळ्यांच्या गर्दीत ६ इंची लहान कॉइल जास्त वस्तू काढून देते, कारण तिच्याखाली एका वेळी कमी लोखंड येतं. पैसे मर्यादित असतील तर महाग मशीनपेक्षा साधं मशीन, लहान कॉइल आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) हे त्रिकूट घ्या. पिनपॉइंटर नसला तर ओल्या काळ्या मातीत एक पैसा शोधायला वीस मिनिटं जातात आणि खड्डा दुप्पट होतो.

बाकी सामान घरचंच. मजबूत खुरपं किंवा धारदार हातकुदळ, माती टाकायला जुन्या साडीचा तुकडा, हेडफोन, पाण्याचा स्प्रे, झिपच्या छोट्या पिशव्या, मार्कर, वही, सुतळी, खुंट्या, फूटपट्टी. सब्बल आणि टिकास घरी ठेवा. ती हातात दिसली की गावाचा विश्वास उडतो, आणि वस्तूही फुटते.

रानात जाण्यापूर्वी अंगणात सराव करा. पाव आण्याचा तांब्याचा जुना पैसा, आजचं दहाचं नाणं, पितळी घुंगरू, लोखंडी खिळा आणि बाटलीचं झाकण, प्रत्येकी ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरून आवाज कानात बसवा. आजची १ आणि २ रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत. ती सरावाला वापरलीत तर कान चुकीचा तयार होईल.

ऋतू

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तरोटा आणि गवत वाळून बसलेलं असतं, जमिनीत थोडी ओल असते. ओलसर मातीत डिटेक्टरचा संकेत सहसा नीट येतो आणि खणलेली ढेप तुटत नाही. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन दगड होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याच भेगांतून नाणी दरवर्षी खाली सरकतात, म्हणून काळ्या मातीत जुनी वस्तू अपेक्षेपेक्षा खोल असते. पावसाळ्यात जाऊ नका. चिखल हे एक कारण, पण त्याहून मोठं म्हणजे झुडपातले चिगर माइट, म्हणजे चावणारे बारीक किडे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्यांच्यामुळे पसरणाऱ्या स्क्रब टायफस तापाची साथ आली होती. झुडपातून फिरून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं न विसरता सांगा.

मशीन चालू करण्याआधी घर वाचा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे उतरल्या उतरल्या मशीन चालू करणं. पहिला अर्धा तास काठी घेऊन फक्त चाला. काठी दोन कामांची: साप हलवायला आणि जमीन आपटून बघायला. ओस गावात कठडा पडलेली विहीर गवताखाली लपलेली असते. तसंच धान्याचं पेव: तोंड लहान, पोट मोठं, वरचं झाकण कुजलेलं. काठीखाली जमीन पोकळ वाजली तर मागे व्हा, सुतळीने ती जागा बांधून टाका आणि आत उतरायचा विचारही करू नका. जुन्या पेवात कोंदलेली हवा जीव घेते. पडक्या भिंतीच्या दगडांत मण्यार, घोणस आणि विंचू राहतात, म्हणून उघड्या हाताने दगड उचलायचा नाही. गमबूट, जाड हातमोजे आणि एक सोबती हे किमान. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. बिबट्या-वाघाचा वावर ऐकला तर त्या दिवशी परत या.

या फेरीत वहीत घराचा कच्चा आराखडा काढा. जोत्याचे दगड कुठून कुठे जातात, छपरी कोणत्या बाजूला, चुलीची राख कुठे, कोठा कुठे, उकिरडा कुठे, सांदवाडीतून विहिरीकडे वाट कशी जाते. हे कळलं की वस्तू कुठे पडल्या असतील ते कळतं. माणूस जिथे बसतो-उठतो तिथे नाणं पडतं: छपरीपुढचं अंगण, ओट्याची कड, चिंचेखालचा पार. जिथे वाकतो तिथे दागिना पडतो: विहिरीजवळ, न्हाणीपाशी, कपडे धुण्याच्या दगडाभोवती. कोठ्यात घुंगरं, साखळीच्या कड्या, नालाचे तुकडे. उकिरड्यात फुटकी भांडी आणि तुटके विळे. आखरावर, म्हणजे गुरं जमायची त्या मोकळ्या जागेत, क्वचित पण छान वस्तू मिळतात, कारण तिथे खिळ्यांचा कचरा नसतो. पहिल्या दिवसासाठी अंगण निवडा. घराच्या आतली सारवलेली जमीन शाबूत असेल तर ती तशीच राहू द्या. तिच्या थरांत त्या घराचा क्रम आहे आणि तो एकदा मोडला की जुळत नाही.

ग्राउंड बॅलन्स आणि आवाज

नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगणा भागात बेसाल्ट आणि त्याची काळी माती. पूर्वेला मौदा, रामटेककडे जुना नाईस खडक आणि हलकी जमीन. बेसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइटचे कण असल्याने मशीन बडबडतं. मनसर-कांद्री पट्ट्यात मँगनीजचे दगड धातूसारखे वाजतात. त्यामुळे एका शिवारात लावलेली सेटिंग दुसऱ्यात चालत नाही.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज मशीनने गाळावा म्हणून केलेली जुळणी. त्यासाठी जिथे आवाज नाही अशी वितभर जागा शोधा. कॉइल जमिनीपासून ३ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरपर्यंत वर-खाली हलवा आणि दोन्ही दिशांना आवाज सारखा होईपर्यंत समायोजन करा. विटांच्या किंवा कवेलूच्या ढिगाजवळ हे करू नका. भाजलेली माती चुंबकीय होते. तिच्यावर बॅलन्स केलं तर बाकी अंगणभर मशीन चुकेल. सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवायचा मोह होतो, पण काळ्या मातीत ६०-७० टक्क्यांवर आणा. शांत मशीन खोल ऐकतं. कोराडी, खापरखेडा, मौदा इथल्या वीज केंद्रांतून उच्चदाब वाहिन्या सगळीकडे गेल्या आहेत. तारांजवळ कॉइल हवेत धरूनही किरकिर येत असेल तर वारंवारता बदलण्याचं बटण वापरा किंवा जागा बदला.

लोखंड पूर्ण बंद करू नका, त्याला फक्त खालचा स्वर द्या. कारण खिळ्याशेजारी पैसा असला तर लोखंड गाळणारं मशीन दोन्ही गिळून टाकतं. आण्याचं क्युप्रो-निकेलचं नाणं, पातळ सोन्याची फुली आणि चांदीचा कागद यांचे मशीनच्या पडद्यावरचे आकडे जवळजवळ असतात. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केला तर आणाही गेला.

अंगणात सुतळीने १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, आत दीड-दीड मीटरच्या पट्ट्या पाडा. कॉइल जमिनीला समांतर, २-३ सेंटिमीटर वर, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर चढवत, झाडूच्या निम्म्या वेगाने. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाते, ही सवय पहिल्या दिवशीच मोडा. चौकोन संपला की काटकोनात पुन्हा फिरा.

संकेत मिळाला की नव्वद अंशात फिरून तीच जागा ऐका. दोन्ही बाजूंनी गोल, स्वच्छ आवाज आला तर खणा. एकीकडून उंच आणि दुसरीकडून खरखर आली तर बहुधा खिळा. बैलगाडीच्या चाकाची धाव मात्र फसवते. तिचा तुकडा रुंद आणि चपटा असल्याने तांब्यासारखा उंच स्वर देतो. तेव्हा कॉइल हळूहळू ३० सेंटिमीटर वर उचला. आवाज तरीही टिकला तर वस्तू मोठी आहे; पैसा असता तर केव्हाच गप्प झाला असता.

खणणं

पिनपॉइंटरने मध्य धरा. मध्यापासून ८-१० सेंटिमीटर दूर खुरप्याने तीन बाजू कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहू द्या आणि ढेप उलटा. सुटी माती कापडावर. ढेप तपासा, खड्डा तपासा, मगच खोल जा. वस्तू दिसली की लोखंडी खुरपं बाजूला ठेवा आणि बांबूच्या काडीने सोडवा. खुरप्याचा एक ओरखडा नाण्याच्या सालावर बसला की ते साल कायमचं गेलं.

२५ सेंटिमीटरच्या खाली संकेत राहिला तर बुजवून टाका आणि नोंद करा. जोत्यापासून हातभर अंतरात खणू नका, भिंत कलते. एकाच खड्ड्यातून दोन-तीन नाणी चिकटलेली निघाली, किंवा मडक्याचा काठ दिसला, तर थांबा. काहीही बाहेर काढू नका, फोटो घ्या, माती लोटा, मालकाला आणि तहसील कार्यालयाला कळवा. मडकं जागेवर असतानाच तज्ज्ञाला त्यातून काय ते वाचता येतं. जिवंत काडतूस किंवा गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ वर फोन.

बुजवताना काळ्या मातीत ढेपेवर थोडं पाणी मारून पायाने दाबा. कोरडी ढेप आठ दिवसांत आक्रसते, खाली बसते आणि तिथे गुराचा पाय अडकतो.

प्रत्येक वस्तूची पिशवी वेगळी. तिच्यावर क्रमांक, तारीख, खोली, आराखड्यातली जागा आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश. हे न लिहिलेला पैसा भंगाराच्या दुकानातल्या पैशासारखाच.

काय सापडलं ते ओळखणं

घराचा काळ नाण्यांपेक्षा खिळे चांगला सांगतात, कारण ते भरपूर असतात. खिळा आडवा धरून दांडी बघा. चौकोनी, टोकाकडे निमुळती, डोक्यावर हातोड्याचे तीन-चार कंगोरे असतील तर तो गावच्या लोहाराचा. गोल तारेचा, गुळगुळीत डोक्याचा असेल तर कारखान्याचा, म्हणजे नंतरचा. अंगणात दोन्ही मिसळलेले असतील तर घर बराच काळ नांदलं आणि डागडुजी होत राहिली.

पाव आण्याचा पैसा १८३५ पासून तांब्याचा, साधारण साडेसहा ग्रॅमचा. १९०६ पासून काशाचा आणि पाच ग्रॅमहून किंचित हलका. लेख झिजला असला तरी छोट्या तराजूवर कालखंड कळतो. राणीच्या नाण्यांवर १८७७ पासून 'एम्प्रेस' आलं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा. चांदीचा रुपया १९४० पासून निम्म्या चांदीचा आहे. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, तेव्हा जागेवर एकही नवा पैसा नसेल आणि भोकाचे बरेच असतील, तर घर त्या दशकभरात उठलं असावं. चौकोनी तांब्याची किंवा शिसं मिसळलेल्या धातूची लेख नसलेली जाड नाणी निघाली तर ती बहुधा फार प्राचीन असतात. काम बंद करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तुलनेसाठी जुनी नाणी आणि अवजारं बघायची असतील तर सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, आधी एकदा डोळ्यांखालून घाला.

धुणं आणि जपणं

चिंच, लिंबू, राख, तारेचा घास, सगळं बंद. तांब्यावरचं हिरवं साल म्हणजे मळ नाही, त्यातच अक्षरं टिकलेली असतात. ते खरवडलं की खाली गुळगुळीत चकती उरते. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दोन दिवसांनी पाणी बदला, माती सैल झाली की बांबूच्या काडीने काढा. हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर तो गंज पसरतो आहे. ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवा. शिशाच्या वस्तूंना हातमोजे घालूनच हात लावा. लोखंड धुवायच्या भानगडीत न पडता मऊ ब्रशने कोरडं साफ करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नागपूरच्या पावसाळ्यात त्या पुड्या दर महिन्याला बदलाव्या लागतात, नाहीतर दिवाळीत डबा उघडल्यावर खिळ्याच्या जागी तांबड्या पापुद्र्यांचा ढीग मिळतो.

संध्याकाळी निघताना मालकाला सोबत घेऊन बुजवलेले खड्डे दाखवा, वस्तूंची यादी वाचून दाखवा आणि तिच्यावर दोघांची सही घ्या. निघालेलं भंगार, पत्रे, काचा पोत्यात भरून सोबत आणा.